ग्रीक अक्षरांचे बंधुत्व

(अमेरिकेत पदवी शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अमेरिकेतील एखाद्या जुन्या विद्यापीठाच्या परिसरात दारावर दोन किंवा तीन ग्रीक अक्षरे मिरवणारी मोठी घरे दिसतात. ती 'फ्रॅटर्निटी'ची घरे. लॅटिन भाषेत 'फ्रातेर' म्हणजे भाऊ. आपल्या 'भ्रातृ' शब्दाचा तो सख्खा नातलग. येथून गेलेल्या मुलाला पहिल्या सत्रातच अशा एखाद्या घराचे आमंत्रण येऊ शकते. तो ते दूरध्वनीवर सांगतो, तेव्हा आईवडिलांच्या मनात बहुधा दोनच विचार येतात : 'दारूचा अड्डा असणार', किंवा 'तिकडची रीतच असेल, जाऊ दे'. हे दोन्ही विचार अपुरे आहेत.

५ डिसेंबर १७७६ रोजी, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात काही विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कॅपा' ही मंडळी स्थापन केली. एका ग्रीक बोधवाक्याची ती आद्याक्षरे. ज्ञानाची ओढ हीच जीवनाची सुकाणू, असा त्याचा आशय. शपथ, पदक, विशिष्ट हस्तांदोलन, गुप्त बैठका हे सारे तेथूनच सुरू झाले. ती संस्था पुढे गुणवंतांचा सन्मान करणारी झाली आणि तिने गुप्तता सोडली. १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातील युनियन महाविद्यालयात निघालेल्या 'कॅपा अल्फा'पासून मात्र आजच्या स्वरूपाच्या फ्रॅटर्निटीची परंपरा मोजली जाते.

प्रत्येक महाविद्यालयात संस्थेचे एक 'चॅप्टर' असते. पहिले बहुधा 'अल्फा', पुढचे 'बीटा', अशी ग्रीक वर्णमाला पुढे सरकते. काही संस्थांत शेवटचे अक्षर 'ओमेगा' दिवंगत सदस्यांसाठी राखून ठेवलेले असते. सदस्य मृत्यू पावला तर तो संस्थेतून गेला असे म्हणत नाहीत, ओमेगा शाखेत गेला असे म्हणतात.

प्रवेशाची रीत ठरलेली आहे. आधी 'रश' : घर नवागतांसाठी उघडते, जेवणावळी होतात, गप्पांमधून मुले पारखली जातात. मग सदस्य बंद दाराआड मतदान करतात आणि पसंत पडलेल्या मुलाला 'बिड', म्हणजे निमंत्रण जाते. ते स्वीकारले की तो 'प्लेज' होतो, उमेदवार. पुढचे काही आठवडे त्याला संस्थेचा इतिहास, संस्थापकांची नावे, ग्रीक वर्णमाला, प्रत्येक सदस्याचे नाव-गाव पाठ करावे लागते. त्याला एक 'बिग ब्रदर' नेमून दिला जातो. शेवटी दीक्षाविधी, तेथे काय होते ते बाहेर सांगायचे नाही.

सदस्य झाल्यावरही अपेक्षा संपत नाहीत. दर सत्राला वर्गणी, नेमाने बैठक, ठरावीक सरासरी गुण, समाजसेवेचे ठरावीक तास. वर्गणी थकली तर मतदानाचा हक्क जाऊ शकतो, गुण घसरले तर पद जाऊ शकते. विशीतली मुले खजिनदार होतात, अंदाजपत्रक मांडतात, सभाशास्त्राच्या नियमांनी बैठका चालवतात. हे शिक्षण लहान नव्हे. पदवीनंतर नाते तुटत नाही. पुष्कळ ठिकाणी घराची मालकी आणि डागडुजी माजी सदस्यांच्याच मंडळाकडे असते. आपल्याकडे किती महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांना आपल्या वसतिगृहाच्या गळक्या छपराची काळजी असते?

या बंधुत्वाला दीर्घकाळ कुंपण होते. अनेक जुन्या संस्थांच्या नियमांत ज्यू आणि कृष्णवर्णीय मुलांना मज्जाव होता. म्हणून कॉर्नेल विद्यापीठातील सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ साली 'अल्फा फाय अल्फा' काढली. मार्टिन ल्यूथर किंग पुढे तिचे सदस्य झाले. भारतीय वंशाच्या मुलांनीही हाच मार्ग धरला : १९९४ साली बिंगहॅम्टन येथे 'आयोटा न्यू डेल्टा', १९९८ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे 'डेल्टा एप्सिलॉन साय'. यांतल्या पहिल्या संस्थेच्या अक्षरांची रोमन आद्याक्षरे जुळवली की 'इंड' होते. घरापासून दूर गेलेल्या मुलाला दिवाळीला हक्काचे चार भाऊ हवे असतात. ही भूक खरी आहे, तिला नाके मुरडण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो परीक्षेचा. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक महाविद्यालयातील 'पाय डेल्टा साय' या आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीची मुले पेनसिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरात गेली. कडाक्याच्या थंडीत उमेदवारांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, पाठीवर वाळूने भरलेली पिशवी दिली आणि बाकीच्यांनी त्यांना वारंवार ढकलून पाडले. आशियाई समाजाने अमेरिकेत सोसलेल्या हालांचे ते प्रतीक होते म्हणे! पहिल्या वर्षाचा एक मुलगा बेशुद्ध पडला. त्याला रुग्णालयात नेण्यास विलंब झाला. त्या वेळात संस्थेच्या खुणा लपवण्याची धावपळ झाली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा दगावला. खटला चालला, संस्था दोषी ठरली, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्या राज्यात तिच्यावर दहा वर्षांची बंदी आली.

पूर्वजांच्या कष्टांचे स्मरण करणे हा हेतू चांगला होता. पण ज्याला भाऊ म्हणायचे त्याचा श्वास अडकला असताना चिंता पडली ती फलकाची आणि अक्षरांची. 'चॅप्टर'ला मराठीत शाखाच म्हणावे लागते. पण संघस्थान उघड्या मैदानावर असते, रस्त्याने जाणारा कोणीही थांबून पाहू शकतो. आपली मुंजही मांडवात, चार आप्तांसमोर लागते. बटूला भिक्षा मागायला लावतात, पण भिक्षा घालायला आई समोर उभी असते. कष्ट तेथेही आहेत, साक्षीदार मात्र आहेत.

अर्थात आपण फार मान उंचावू नये. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्राला १९९९ साली करावा लागला, आणि २००९ साली हिमाचल प्रदेशात एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा बळी गेल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाला देशभरासाठी कडक नियम करावे लागले. आपल्या वसतिगृहांची दारेही रात्री बंदच असतात.

अमेरिकेत काही संस्थांनी स्वतःच पाऊल उचलले. ज्यू विद्यार्थ्यांच्या 'झीटा बीटा टाऊ'ने १९८९ साली आणि 'सिग्मा अल्फा एप्सिलॉन'ने २०१४ साली उमेदवारीची प्रथाच रद्द केली. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे केंद्रीय कायदाही झाला. आता तेथील महाविद्यालयांना कोणती विद्यार्थी-संघटना अशा छळात दोषी आढळली, हे संकेतस्थळावर जाहीर करावे लागते.

मुलाचा फोन येईल तेव्हा तो अहवाल आधी उघडावा. मग वर्गणी किती, घरात राहणारा वडीलधारा कोण, माजी सदस्य येतात का, हे विचारावे. आणि उमेदवारीच्या आठवड्यांत रात्री घरी फोन करता येईल का, हेही. या शेवटच्या प्रश्नाला मुलगा अडखळला, तर पुढचे बोलणे वडिलांनी त्याच रात्री करावे, सुटीची वाट पाहू नये.