दिल्लीची फाईल, समुद्रपूरचा वाचक

१६ ऑगस्ट १९४२ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि शेजारच्या जिल्ह्यातलं चिमूर इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलं. त्या काळच्या सरकारी फायली वाचायला पूर्वी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार गाठावं लागे. आता अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर नाव नोंदवलं, की समुद्रपूर-गिरडचा वाचकही स्कॅन केलेली पानं घरबसल्या उघडू शकतो.

शोध बहुधा इंग्रजीतून घ्यावा लागतो आणि गावांची स्पेलिंगं जुनी असतात. म्हणून एकच नाव दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. वर्धा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं, हेही ध्यानात ठेवा. खातं, वर्ष, फाईल क्रमांक वहीत उतरवा. त्याशिवाय तुमचा शोध दुसऱ्याला पडताळता येणार नाही.

मात्र या फायली राज्यकर्त्यांनी लिहिलेल्या. लाठी खाणाऱ्याची बाजू त्यांत क्वचितच सापडते. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे.

मराठी विकिस्रोत या ऑनलाइन ग्रंथालयात स्वयंसेवक जुन्या पुस्तकांची पानं अक्षर न् अक्षर तपासतात. महाविद्यालयातल्या मुलामुलींनो, तितक्याच बारकाईनं वाचायला एक सरकारी फाईल तुम्हीही निवडा. सार मराठीत लिहा, आणि आजीआजोबांना वाचून दाखवा.