सूक्ष्मतेची साधना

(गंगाखेड येथील विज्ञानविषयक व्याख्यानाचा संपादित अंश)



संत जनाबाईंच्या या गोदातीरावरील गावात रांगोळीची रेघ कुणाला शिकवावी लागत नाही. चिमटीतून रांगोळी किती सुटते, हात किती उंचीवर आहे आणि तो किती वेगाने सरकतो, या तिन्हींचा मेळ बसला की रेघ एकसारखी उमटते. वाऱ्याची झुळूक आली की तिच्या कडा विस्कटतात. विद्युतमंडलाच्या सूक्ष्म रेषा रेखाटणाऱ्या ‘एरोसोल जेट’ मुद्रणाची कसोटीही अशीच आहे.

या तंत्रात चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेल्या शाईचे तुषार केले जातात. एकेक तुषार साधारण 1 ते 5 मायक्रॉनचा असतो. नायट्रोजनचा प्रवाह हे तुषार वाहून नेतो आणि त्याभोवती वायूचेच दुसरे आवरण देऊन धार आवळली जाते. म्हणून 100 ते 300 मायक्रॉनच्या तोंडातूनही सुमारे 10 मायक्रॉन रुंदीची रेषा काढता येते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या सूक्ष्मतेची कल्पना येते. शिवाय तोंड पृष्ठभागापासून काही मिलिमीटर दूर राहत असल्याने वक्र वस्तूवरही मुद्रण करता येते.

तोंड लहान केले की अचूकता आपोआप वाढते, हा मात्र भ्रम आहे. आवरणाचा वायू कमी पडला तर रेषा पसरते. अतिसूक्ष्म तुषार वायूबरोबर बाजूला वळतात आणि कडेला शिंतोडे उडतात. शेजारच्या दोन रेषा अशा शिंतोड्यांनी जोडल्या गेल्या, तर सारे मंडल निकामी होते.

त्याहून चिवट दोष आहे तो हळूहळू ढळण्याचा. काम चालू असताना शाईतील द्रावक उडतो, शाई दाट होते, नळीत थर साचतो. यंत्रावरील आकडे तेच राहतात, रेषा मात्र बदलते. यावर उपाय आहेत. वाहक वायू आधीच द्रावकाच्या वाफेने संपृक्त करावा, शाईचे तापमान स्थिर ठेवावे आणि जाणाऱ्या तुषारांवर प्रकाश टाकून त्याचे विखुरणे मोजत प्रवाह तत्क्षणी दुरुस्त करावा. छपाई झाल्यावर दोष शोधण्यापेक्षा छापतानाच तो ओळखणे हे यातील खरे मर्म.

2020 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी याच तंत्राने सोन्याचे सूक्ष्म स्तंभ उभारून कोरोनाची प्रतिपिंडे काही सेकंदांत ओळखणारा संवेदक तयार केला. अशा स्तंभांचा आकार दर वेळी बदलत राहिला, तर रुग्णाने अहवालावर विश्वास कसा ठेवावा?

आपल्याकडे पुण्याची ‘सी-मेट’ इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करते, तर आयआयटी कानपूरमध्ये लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी 76,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या निधीतून यंत्रे येतील. परंतु ती ढळू न देणारे हात इथल्याच शाळा-महाविद्यालयांतून घडवावे लागतील. प्रयोगवहीत प्रत्येक मोजमाप प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या विद्यार्थ्यापासून त्या घडणीचा आरंभ होतो.