सभेत तोंड उघडा
(आचोळे येथील भाषण)

परवा आमचे जुने विद्यार्थी मुंबईच्या एका कॉलेजातील पुढाऱ्यांची वादसभा ऐकून आले. म्हणाले, गुरुजी, टाळ्या पुष्कळ, उत्तरे थोडी! एका कुणब्याच्या पोरीने भाताचा दर विचारला, तर वक्ते हसून पुढे सरकले. ती ओशाळून बसली. आम्ही म्हणालो, बाई, ओशाळावे त्यांनी! महसूल रयतेच्या घामाचा, पण विद्येचा लाभ वरच्या वर्गास, हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडलेच होते. कॉलेजातील विद्यार्थी-निवडणुका १९९४ च्या कायद्याने गेल्या, २०१६ च्या कायद्यात पुन्हा आल्या. पण कागदावरचा हक्क बोलल्यावाचून जागा होत नाही. म्हणून आईबापांनो, लेकरू प्रश्न विचारील तेव्हा ‘गप्प बस’ म्हणू नका. घरी दबलेला आवाज सभेत कसा उठेल?