डोंगर आधी, रूळ नंतर



संगणकावरच्या रेल्वे-सिम्युलेटरमध्ये डोंगराळ मुलूख हुबेहूब कसा उभा करावा, हा विषय व्याख्यानमालेला जरा परका वाटेल. पण त्याची चर्चा करायला मेळघाटातल्या धारणीसारखी जागा नाही. अकोला-खंडवा मीटरगेज मेळघाटाच्या जंगलातून जायची आणि धुळघाटाजवळ स्वतःच्याच वाटेला वेढा घालून, पुलावरून तीच वाट ओलांडायची. नकाशात पाहिलं तर देवनागरी चाराचा आकडा. माझं म्हणणं एवढंच, की सिम्युलेटरमधला डोंगर खरा वाटतो तो झाडाझुडपांच्या देखण्या चित्रांमुळे नव्हे. रूळ इथेच का वळले, या प्रश्नाचं उत्तर ज्या डोंगराकडे आहे, तोच खरा वाटतो.

हौशी मंडळींचा क्रम बहुधा उलटा असतो. आधी रूळ टाकायचे, मग जमीन ओढूनताणून रुळांपर्यंत आणायची आणि उरलेल्या जागेत टेकड्या उभ्या करायच्या. मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये जमीन आठ-आठ मीटरवरच्या बिंदूंनी विणलेली असते आणि प्रत्येक बिंदू हवा तसा वरखाली करता येतो. या सोयीनेच घात होतो. अडथळा नको तिथे डोंगर सरकवता आला, की वळणाला कारणच उरत नाही. खऱ्या घाटात इंजिनाची ताकद ठरलेली आणि चढाला मर्यादा. हिशेबापुरता शंभरास एक असा चढ धरू. खालच्या रुळावरून गाडी जाऊ द्यायची तर वरचा रूळ सात-आठ मीटर तरी उंच हवा, म्हणजे तेवढी उंची गाठायला सात-आठशे मीटर लांबीचा फेरा आला. हा फेरा कोणाच्या हौसेने पडत नाही. सरळ गेलो तर चढ झेपत नाही, म्हणून पडतो. मायक्रोसॉफ्टच्या त्याच सिम्युलेटरमध्ये जपानचा हिसात्सु रेल्वेमार्ग होता आणि तिथल्या ओकोबाच्या वेढ्याचा जीवही याच हिशेबात आहे.

यावर आक्षेप असा, की आता अवकाशातून मोजलेली आकडेवारी फुकट मिळते, मग हा खटाटोप कशाला? फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ही माहिती मोलाची आहे, पण ती सुमारे तीस मीटरला एक आकडा देते. एकेरी मीटरगेजसाठी फोडलेली अरुंद कटिंग त्या जाळीतून निसटते. शिवाय दाट रानात रडारचे किरण जमिनीपर्यंत नीट पोचत नाहीत. उंची सागाच्या शेंड्यांकडे झुकते. एका बाजूला रान आणि दुसऱ्या बाजूला उघडी जमीन असेल, तर आठ-दहा मीटरची चूक सहज होते. आपल्या हिशेबात पुलाची उंचीच तेवढी होती, म्हणजे आकडे आंधळेपणाने घेतले तर पूलच नाहीसा होईल. म्हणून रडारचा आकडा हा कच्चा मसुदा समजावा आणि चढाच्या पाट्या, किलोमीटरचे दगड, मोऱ्यांच्या नोंदी यांवरून तो दुरुस्त करावा.

लेसरची मोजणी झाडांच्या फटींतून जमीन गाठते, ती आली की प्रश्न मिटेल, असंही कोणी म्हणेल. उंचीचा प्रश्न बराचसा मिटेल, पण उंची म्हणजे डोंगर नव्हे. सातपुड्याचा हा भाग काळ्या बसाल्टच्या थरांचा. उतार पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, कटिंगमध्ये आडवे थर दिसतात. तिथे आल्प्सचे टोकदार कडे चिकटवले तर उंची बरोबर असूनही मुलूख परका होतो. ऋतूंचंही तेच. मायक्रोसॉफ्टच्या त्या सिम्युलेटरमध्ये वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा होते, हवा निरभ्र, पावसाळी किंवा बर्फाची. पावसाळा हा स्वतंत्र ऋतूच नव्हता. मेळघाटात मात्र तोच सगळं ठरवतो. एप्रिलमध्ये साग उघडा पडतो, झाडांआडून पलीकडची धार दिसते. ऑगस्टमध्ये तोच साग पांढुरक्या फुलोऱ्याने भरतो आणि चालकाला पुढचं वळण दिसेनासं होतं. ऋतूबरोबर नजरेचा पल्ला बदलतो, ही गोष्ट पानांच्या रंगापेक्षा महत्त्वाची आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हा अखेर खेळच, त्यासाठी इतकी काटेकोरी कशाला? उत्तर याच मार्गाकडे आहे. त्यातली अकोला-अकोट मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे ब्रॉडगेज आली. पुढच्या जंगलातल्या रुंदीकरणाला मात्र मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पामुळे विरोध झाला आणि बाहेरून मार्ग न्यावा, ही मागणी पुढे आली. ती रास्तच आहे. वाघाच्या रानातून वेगवान गाड्या नेण्याची गरज नाही. पण गाडी बाहेरून गेली, तर सातपुड्याशी चढाचा तह करणारी ही आखणी निरुपयोगी होऊन विसरली जाईल. तिची चित्रं राहतील. चित्रांत चढ कळत नाही. चढ कळतो तो गाडी हाकताना, ब्रेक वेळेवर लावावा लागतो तेव्हा. म्हणून मोऱ्या आणि कटिंगा माहीत असलेल्या इथल्या जुन्या रेल्वे कामगारांकडून आणि रुळांलगतच्या गावांतल्या कोरकू वडीलधाऱ्यांकडून ही माहिती आत्ताच टिपून घ्यायला हवी. संगणक जाणणारी मुलं धारणीत आहेत. त्यांनी झाडं रंगवण्याआधी चढ मोजावा. डोंगर बरोबर बसला, की रूळ कुठून न्यायचे ते तोच सांगेल.