शाळेचे छप्पर कोणाचे?



लहान गाव मोठ्या शहराला जोडले, की गाव बुडते का? नागरिकशास्त्र शिकवताना हा प्रश्न नेहमी येतो. फ्रान्समधील लियों शहराने त्याचे जे उत्तर शोधले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

फ्रान्समध्ये सर्वांत लहान स्वराज्य संस्थेला ‘कम्यून’ म्हणतात. खेडे असो वा पॅरिस, प्रत्येक कम्यूनला स्वतःचा महापौर व निवडलेली परिषद असते. अशा सुमारे ३५ हजार कम्यून त्या देशात आहेत.

लियोंची वस्ती वाढत वाढत शेजारच्या कम्यूनना भिडली. सांडपाणी, कचरा आणि रस्ते काही हद्द ओळखत नाहीत! म्हणून १९६६ च्या कायद्याने लियों, लील, बोर्दो व स्ट्रासबूर्ग येथे शहर आणि शेजार यांची संयुक्त संस्था स्थापण्याचे ठरले. लियोंची संस्था १९६९ साली सुरू झाली. २०१५ मध्ये तिच्या हद्दीपुरते जिल्ह्याचे अधिकारही तिला मिळाले आणि ती ‘मेट्रोपोल’ झाली. आज तिच्यात ५८ कम्यून व सुमारे १४ लाख लोक आहेत.

तरीही मेट्रोपोल आली म्हणून कम्यून मोडल्या नाहीत. जन्माची नोंद व विवाह आजही महापौराच्या कचेरीतच होतात. सरकारी शाळांचेच पाहा. प्राथमिक शाळेची इमारत कम्यून सांभाळते, त्यापुढील चार वर्षांच्या ‘कोलेज’ची मेट्रोपोल आणि ‘लिसे’ची प्रांत. शिक्षकांना पगार केंद्र सरकार देते. छप्पर गळले तर कोणाचे दार ठोठवावे, हे पालकाला ठाऊक असते.

पण एक उणीव होती. या संयुक्त संस्थेसाठी लोकांचे वेगळे मतदान नव्हते. कम्यूनच्या परिषदांतूनच सभासद जात. २०२० मध्ये प्रथमच १४ मतदारसंघांतून १५० सभासद थेट निवडले गेले. त्यामुळे लोकांना हक्काचे मत मिळाले. परंतु पूर्वी प्रत्येक कम्यूनची किमान एक जागा हमखास असे, ती हमी गेली. लहान कम्यूनच्या महापौरांची तक्रार आहे ती हीच, आणि ती खोटी नाही.

मित्रहो, एकत्र येणे म्हणजे विरघळून जाणे नव्हे. मात्र काम ज्याच्या हाती, त्याला जाब विचारण्याचा हक्क आपल्या हाती हवा. तो बजावायचा तर कोणते काम कोणाचे, हे आधी शिकले पाहिजे. नागरिकशास्त्राचे पुस्तक त्यासाठीच आहे. केवळ परीक्षेसाठी नव्हे.