बी. ए.ला राज्यशास्त्र घेताना

बी. ए.ला राज्यशास्त्र घेतलं, की घरात पहिला प्रश्न येतो, "मग आता निवडणुकीला उभा राहणार का?" तसं काही नसतं. पुढारी व्हायला पदवी लागत नाही, हे आपण बघतोच.

या विषयात प्लेटो आणि कौटिल्य भेटतात, लोकप्रशासन असतं, आंतरराष्ट्रीय संबंध असतात. पण खरी गोडी लागते ती बातमीमागचं कलम सापडलं की. पक्षांतरबंदीचंच घ्या. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत दहावं परिशिष्ट आलं. त्यात एक पळवाट होती. पक्षाचे एक तृतीयांश आमदार बाहेर पडले, तर ती 'फूट' मानली जाई आणि त्यांची आमदारकी वाचे. २००३च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीनं ती वाट बुजवली. आता उरलं विलीनीकरण, आणि त्याला दोन तृतीयांश आमदारांची संमती लागते. अपात्र कोण, हे आधी कोर्ट नव्हे, सभागृहाचे अध्यक्ष किंवा सभापती ठरवतात. एवढं माहीत असलं, तरी महाराष्ट्रातली अलीकडची सत्तांतरं निम्मीअधिक उलगडतात.

नोकरीचं म्हणाल, तर स्पर्धा परीक्षा, वकिली, पत्रकारिता, सगळीकडे हा अभ्यास उपयोगी पडतो. फक्त गाईड पाठ करून पास होणार असाल, तर दुसरा विषय बघा.

आणि प्रवेश घेण्याआधी गावच्या ग्रामसभेला एकदा जाऊन बसा. खर्चाचा विषय निघाला की कोण बोलतं, कोण गप्प राहतं, ते वहीत टिपून ठेवा.