दोन ग्राफिक्स कार्डांसाठीं मदरबोर्ड

मुळशी म्हटलें कीं जुन्या पिढीस धरण आठवतें. टाटांचें तें धरण, त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं मावळांतील शेतकऱ्यांनीं केलेला सत्याग्रह, आणि १९२७ पासून सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिरा येथें त्या पाण्यावर निघूं लागलेली वीज. नव्या पिढीस त्याच तालुक्यांतील हिंजवडी आठवते. तेथील राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्यें संगणकाच्या कामावर हजारों घरांच्या चुली पेटतात. तेव्हां कामावरून परतलेल्या तरुणानें रात्रीं संगणकावरच खेळ मांडला, तर त्यांत नवल तें कसलें?

पौडच्या बाजूस घर असलेला असा एखादा तरुण डोळ्यांपुढें आणावा. त्याच्यापाशीं एक चांगलें ग्राफिक्स कार्ड आहे. तसेंच दुसरें, वापरलेलें, त्यास निम्म्या किंमतींत मिळत आहे. त्याचा हिशेब सरळ आहे : एका बैलापेक्षां बैलजोडी अधिक ओढते. मात्र दुसरें कार्ड बसविण्यास हाताशीं असलेला मदरबोर्ड पुरत नाहीं, म्हणून तो नवा घ्यावयाचा. आणि त्या पायीं घराचे पत्रे बदलण्याचें काम आणखी एक पावसाळा पुढें ढकलावयाचें. ताम्हिणीच्या अंगाचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या बेताची खरी किंमत सांगावयास नको.

बैलजोडी ओढते ती मानेवर जूं एक असतें म्हणून. दोन कार्डांना एका जुंवाखालीं आणण्याची कल्पना जुनीच आहे. १९९८ सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू २’ कार्डांनीं पडद्यावरील चित्राच्या आडव्या ओळी आपसांत वांटून घेतल्या. पुढें २००४ सालीं एनव्हिडियानें ‘एसएलआय’ आणि त्याच्या पुढल्या वर्षीं एटीआयनें ‘क्रॉसफायर’ ही योजना आणली. त्यांत बहुधा एक चित्र या कार्डानें रंगवावें व पुढचें त्या कार्डानें, अशी पाळी असे. दोघांची पाळी जरा मागेंपुढें झाली कीं आंकडा मोठा दिसूनही खेळ अडखळल्यासारखा वाटे. शिवाय प्रत्येक कार्डास सर्व चित्रसामग्री आपल्या स्मृतींत ठेवावी लागे. त्यामुळें ८ जीबीचीं दोन कार्डें मिळून खेळास १६ जीबी मिळत नसत, मिळत तीं ८ च. ही गोष्ट विकणारे फारशी बोलत नसत.

पुण्याच्या सी-डॅकनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तोही अनेक प्रोसेसरांना एकत्र जुंपूनच. परंतु तेथें चालणारें गणित मुळांतच वांटून करावयाच्या रीतीनें लिहिलेलें असे. खेळाचेंही तसेंच आहे. लिहिणारानें वांटणी केली नसेल, तर दुसरें कार्ड नुसतें बसून राहतें. २०१५ सालच्या डायरेक्टएक्स १२ नें ही वांटणी बरीचशी खेळ लिहिणारांवर सोंपविली, आणि त्यांपैकीं फारच थोड्यांनीं ती अंगावर घेतली. एनव्हिडियानें २०२१ च्या आरंभापासून नव्या खेळांसाठीं एसएलआयची तजवीज करणें थांबविलें. ‘आरटीएक्स ३०’ मालिकेंत दोन कार्डें जोडण्याची सोय केवळ ३०९० या वरच्या वर्गांत उरली, आणि २०२२ सालीं आलेल्या ‘४०’ मालिकेंतून तीही गेली. म्हणून मदरबोर्ड कोणता, हा त्या तरुणाचा दुसरा प्रश्न होय. जो खेळ खेळावयाचा तो दोन कार्डें वापरतो काय, हा पहिला. उत्तर नकारार्थी आलें, तर जुनें कार्ड विकून एकच अधिक दमाचें घ्यावें आणि पत्रेही बदलून टाकावे.

तथापि कांहींना दोन कार्डें खरोखरीच हवीं असतात. जुने खेळ पूर्ण डौलांत खेळणारे, किंवा दिवसा त्याच यंत्रावर ब्लेंडरमध्यें चित्रपटाचीं दृश्यें घडविणारे. या दुसऱ्या कामांत प्रत्येक कार्ड आपापला वांटा घेतें व जोडपट्टीवांचून अडत नाहीं. अशांनीं मदरबोर्ड घेतांना प्रथम पाटाचें पाणी पाहावें. प्रोसेसरपासून कार्डांकडे जाणाऱ्या वाटांना ‘लेन’ म्हणतात. घरगुती वर्गाच्या प्रोसेसरांत ग्राफिक्ससाठीं त्या साधारणतः १६ च असतात. दोन कार्डें लावलीं म्हणून पाणी वाढत नाहीं. चांगल्या बोर्डावर ८ व ८ अशी वांटणी होते. ही वांटणी पुरेशी असते, कारण पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढींतील एक लेन सेकंदास सुमारें १ जीबी वाहते आणि चौथ्या पिढींत तें प्रमाण दुप्पट होतें.

फसगत होते ती अन्यत्र. पुष्कळ स्वस्त बोर्डांवर दोन लांब स्लॉट दिसतात, पण दुसऱ्यांत ४ च लेन असतात, आणि त्याही चिपसेटमार्गें. त्या वाटेवर डिस्क, नेटवर्क व यूएसबी यांचीही रहदारी असते. इंटेलच्या १२ व्या पिढीच्या वेळीं बी वर्गाच्या चिपसेटांना प्रोसेसरच्या लेन वांटण्याची मुभा नव्हती, झेड वर्गास होती; तरी झेड छापलेल्या प्रत्येक बोर्डावर ती सोय केलेली असेलच असें नाहीं. कांहीं बोर्डांवर एम-डॉट-टू डिस्क एका विशिष्ट जागीं बसवितांच कार्डाच्या निम्म्या लेन तिकडे जातात. हें सारें पुस्तिकेंत बारीक अक्षरांत दिलेलें असतें, आणि ती पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. दुकानदाराच्या जिभेपेक्षां ती पानें वाचावीं. ज्यास दोन्ही कार्डांना पुरत्या १६ लेन हव्यात, त्यास एएमडीच्या २०१७ पासूनच्या थ्रेडरिपरसारख्या कुळाकडे वळावें लागतें. पण तेथें मदरबोर्डाचीच किंमत ऐकून पुष्कळजण माघारी फिरतात.

मग अंतर. दोन शेजारच्या स्लॉटांत २ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक अंतर असतें, आणि मोठें कार्ड तीन तीन स्लॉटांची जागा अडवितें. कार्डांच्या मध्यें हवेस वाट उरली नाहीं, तर वरचें कार्ड खालच्याचा ऊन श्वास ओढीत राहतें व तापून स्वतःची गति उतरवितें. म्हणून दोन मुख्य स्लॉटांमध्यें चार घरांचें अंतर असलेला बोर्ड पसंत करावा.

राहिली वीज. स्लॉटांतून कार्डास फार तर ७५ वॅट मिळतात. बाकीचे पॉवर सप्लायकडून तारेनें आणावे लागतात. ३०९० हें एकटें कार्ड ३५० वॅट खातें. दोन कार्डें व प्रोसेसर मिळून १२०० वॅटांचा सप्लाय लागतो, आणि घरोघरीं दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट सोसतो. ज्या खोऱ्यांतील पाण्यानें मुंबईस उजेड दिला, त्याच खोऱ्यांतील गांवांत पावसाळी रात्रीं दिवे जातात, हा योगायोग कडवट खरा. तेव्हां यूपीएसची आणि चांगल्या अर्थिंगची रक्कम मदरबोर्डाच्या हिशेबांतच आधीं धरावी, आणि दोन कार्डांचा हट्ट पुरवावा कीं नाहीं तें ती बेरीज पाहून ठरवावें.